भाव

दर शनिवारी बाजार करून आले की
अण्णा परभणीहून विचारतात,
भाडं वाढवलं का गं मालकानं?
धायरीतल्या बाल्कनीत टँकरच्या पाण्याची बादली सरकवत
मी सांगते, नाही, चौदाच.
आहे एकोणीस.
टँकरच्या वर्गणीचं नावच काढत नाही.

मेथी?
वीसला जुडी.
(पस्तीस. आणि जुडी अशी
की अण्णांच्या मुठीत दोन मावतील.)
कढीपत्ता?
तो देतात की असाच, वरती.
फ्रीजमध्ये दहा रुपयांचा कढीपत्ता
डबीत बारकोड लावून बसलाय.

मग माझी पाळी.
तिकडं स्वस्ताई असेल ना, अण्णा?
कशाची स्वस्ताई! वांगी साठ,
दुधाचं तर बोलूच नको,
रिक्षावाला स्टेशनपासून शंभर मागतोय बाई,
तुझ्या पुण्यासारखंच झालंय सगळं.

परवाच शकूमावशी म्हणाली, वांगी वीस.
आणि रिक्षात बसतात कधी ते?
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत
पाण्याच्या टाकीपर्यंत येतात, टेकतात,
मग पुढं.

एकदा वहीत मांडली मी दोन्ही शहरं,
मधे रेघ. डावीकडं माझे खरे आकडे,
उजवीकडं मावशीचे.
बेरीज करवली नाही.

फोनवर बरं असतं.
मी पाच उतरते, ते चार चढतात,
सव्वानऊच्या सुमाराला
दोन्हीकडं एकच भाव फुटतो.

ठेव आता, अण्णा म्हणतात,
बिल येत असेल तुला.
नाही हो, फोनला पैसे पडत नाहीत आता.
एवढं एक
खरं सांगते,
तेच त्यांना पटत नाही.