चोविसावी फरशी

वर्गात तेवीस पोरं.
गट पाडायचे म्हटले की रोज तीच रड:
दोनदोनचे केले तर एक उरतं,
तीनतीनचे केले तर दोन,
चारचारचे केले तर तीन,
आणि उरलेली खिडकीतून अनेरच्या कोरड्या पात्राकडे बघतात,
जशी काही चूक त्यांचीच आहे.

मग चिंचोके आणले.
आणले कसले, शाळेमागच्या चिंचेचेच,
याच पोरांनी चोखून थुंकलेले.
दोनदा धुतलेत, तरी तेजल
रुमालाने पुसल्याशिवाय हात लावत नाही.
बारा घ्या, म्हटलं. सारख्या ओळी मांडा,
एकही बाहेर राहता कामा नये.
सहासहाच्या दोन झाल्या, चारचारच्या तीन,
हर्षलने बाराची एकच ओळ
पार माझ्या चपलांपर्यंत आणली.
हे सगळे बाराचे विभाजक,
असं सांगताना माझा आवाज उगाच पुस्तकी झाला.

आता सात घ्या.

बराच वेळ नुसते चिंचोके सरकल्याचे आवाज.
मग भटू, कपाळाला आठ्या घालून:
“मॅडम, हाऊ सात कोनंच ऐकस नही.”

मूळसंख्येची इतकी नेमकी व्याख्या
डी.एड.च्या दोन वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती.

विभाज्य मात्र डब्यात मावेनात.
दरवर्षी दोन्ही शब्दांची गल्लत होते, म्हणून म्हटलं,
विभाजक म्हणजे घरातली माणसं, मोजून संपतात,
विभाज्य घराबाहेर पडतात
आणि चालतच राहतात पुढे, पुढे…
आणि थांबले.
शेवटच्या बाकावर सुरमी पावराची जागा
दिवाळीपासून रिकामी होती.
आईबापामागे ऊसतोडीला गेलेली.

व्हरांड्यात गेलो सगळे.
शहाबादी फरश्यांवर खडूने आकडे घातले, एक ते तीस.
पुढे हापशाचा चिखल.
संख्या संपल्या नाहीत, फरश्या संपल्या, असं बजावलं.
हर्षल तीनच्या पाढ्याने, तेजल चारच्या,
मोजत चालायचं, आपल्या आकड्यावरच थांबायचं.
बारावर दोघं एकमेकांवर आदळली.
चोवीसवर पुन्हा.
“तू माझ्या मागे कशाला येते?”
“मी माझ्या पाढ्याने येते!”
भटूने हट्टाने सात घेतला.
सातवर एकटा, चौदावर एकटा,
हाताची घडी घालून, शेताच्या बांधावर उभ्या म्हाताऱ्यासारखा.

सुरमी आली भोंगऱ्याच्या आठवड्यात.
तळहातांवर पाचटाचे ओरखडे,
केसांना नवी लाल रिबीन.
हजेरीत चोवीस लिहिलं, आणि वर्ग
दोनात वाटला गेला, तीनात, चारात, सहात, आठात,
कुणीही खिडकीपाशी उरलं नाही.
मी उगाचच दोनतीनदा गट मोडून पुन्हा पाडले.

पाढे येतात का गं?
बेचा येतो म्हणाली, अर्धा.
मग कुठला आकडा घेशील?
तिने फरश्यांकडे पाहिलं, मग पोरांकडे.
“एक.”

हसले सगळे.
ती चालू लागली, एकेक फरशी,
मोळी डोक्यावर असल्यासारखी ताठ.
तीनवर हर्षल उभा होता, चारवर तेजल,
सातवर भटू. त्याच्याही फरशीवर ती पोचली,
त्याने घडी सोडून तिला जागा करून दिली.
चौदावरही.
हसू हळूहळू ओसरलं.
जो जिथे थांबला,
तिथे तिथे सुरमीचं पाऊल होतंच.

मी काहीच समजावलं नाही.
खडू संपला होता, तेही एक कारण.

दुसऱ्या दिवशी तेजलची दांडी.
चोपड्याला मावशीकडे हळद.
पुन्हा तेवीस.
मी गटांचा विचार करत वर्गात शिरले तर बाकं ओस.
बाहेर भटूने सगळ्यांची एकच ओळ लावली होती,
फरशीला एक पोरगं, एकपासून तेवीसपर्यंत,
पहिल्या फरशीवर सुरमी.
चोविसावी पुसून
रिकामी ठेवलेली.