जांभळा हंगाम

मुंबई नाक्याजवळचं हॉटेल, तळमजल्यावरचा हॉल,
एसी इतका कडक की हेमलतानं
पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.
समोर टाय लावलेला मुलगा, सव्विसाचा असेल,
नाव कौस्तुभ, मूळचा सटाण्याचा.
त्यानं टेबलावर अख्खं वर्ष पसरलं, रंगीत चौकोनांत.
निळा म्हणजे पावसाळा, स्वस्त. पांढरा मधला.
लाल म्हणजे शाळांच्या सुट्ट्या.
आणि जांभळा, काका, जांभळा म्हणजे दिवाळी, नाताळ.

माझ्या डोळ्यांपुढे पिंपळगावचे क्रेट आले.
आमच्याकडे जांभळा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा,
आणि एक गारपीट झाली की
तोही आपला राहत नाही.
हे मी बोललो नाही.

एकतीस वर्षं सातपूरला मायक्रोमीटर धरला.
दोन मायक्रॉनसाठी गाडीभर माल परत पाठवलाय,
जेवणाच्या सुट्टीत भांडलोय त्यावरून.
त्या संध्याकाळी काहीच मोजलं नाही.
व्हीआरएसचा कागद खिशात होता,
घडी अजून मोडली नव्हती त्याची.

मोठंच घेतलं.
दोन बेडरूमचं, सहा माणसं झोपतील असं.
दर वर्षी चार आठवडे, पंचवीस वर्षं.
“म्हणजे शंभर आठवडे,” कौस्तुभ म्हणाला,
आणि तो आकडा बर्फीवर वर्ख ठेवावा
इतक्या हलक्या हातानं ठेवला.
हेमलतानं एकच विचारलं,
“मेंटेनन्स दर वर्षी वाढतो का?”
“नाममात्र, काकू.”
फाटकी नोट परत करावी
तशी तिनं त्याच्याकडे पाहिलं.
मी सह्या केल्या. अठरा ठिकाणी.

परतताना स्कूटरवर, द्वारकेच्या सिग्नलला,
ती सहा माणसं मोजली.
आम्ही दोघं. शर्वरी, जावई.
उरलेली दोन अजून कुठेच नव्हती,
पण त्यांच्या खाटांचे पैसे भरून झाले होते.

शर्वरीचा फोन आला रविवारी.
“बाबा, नॉमिनी मी आहे ना,
मग तुमच्यानंतर ते वार्षिक पैसे मी भरायचे?”
राग आला नाही.
माल हातात घ्यायच्या आधी मोजायचा,
हे तिला मीच शिकवलंय.

एक तारखेपासून मोकळा आहे.
पाच वीसला डोळे उघडतात तरीही.
पहिल्या पाळीची बस त्र्यंबक रोडनं जाते,
तिचा दुसरा गिअर मी अंथरुणातून ओळखतो.
दिवाळीत गोवा: उपलब्ध नाही.
नाताळात मुन्नार: उपलब्ध नाही.
जुलैत महाबळेश्वर हवं तेवढं, धुक्यासकट.

बावन्नातले चार घेतले मी.
बाकीचे अठ्ठेचाळीस विकायला कुणी टाय लावून आलं नाही.
त्यांना रंग नाही, माहितीपत्रक नाही.
सकाळी अकरा वाजता मंगळवार कसा दिसतो
हे एकावन्नाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं.
बराचसा रिकामा असतो.
भंगारवाला येतो. समोरच्या गच्चीत कुणी तरी गाद्या वाळत घालतं.

काल मंगळवारच होता.
गंगापूर धरणाच्या काठाशी गेलो, डब्यात थालीपीठ घेऊन.
गवत ओलं होतं.
हेमलतानं डिकीतून ती फाईल काढली,
मधलं जाड माहितीपत्रक पिनेतून सोडवलं,
सरळ दोन तुकडे केले, अंथरले.
मी काही म्हणायच्या आत बसली सुद्धा.
दहाला माझा हात चहासाठी उचलला गेला, सवयीनं,
तिनं त्यात थालीपीठ ठेवलं.

थोड्या वेळानं वाकून तिनं खाली बघितलं.
“तुम्हाला स्विमिंग पूल आलाय.
मला नुसतं पार्किंग.”
आम्ही जागा बदलल्या.
नियमात बसतं का, कुणाला विचारलं नाही.