हळद लागली

रात्री दीडपर्यंत पत्ते लावत होतो.
बारा गठ्ठे, साठ-साठ पत्ते, सगळे एकाच क्रमात,
नशीब एका टेबलाला गोड
आणि दुसऱ्याला कडू लागायला नको म्हणून.
दिवसा मी पतसंस्थांचे हिशेब तपासतो.
तिथेही हेच बघायचं असतं.

विश्रामबागेतलं कार्यालय.
मुहूर्त नव्हता, म्हणून अर्ध्या भाड्यात मिळालं.
दारावर फलक : सहकारी पत्त्यांची सांघिक स्पर्धा.
एक गृहस्थ चपला न काढताच विचारून गेले,
"कुठल्या कारखान्याचं पॅनेल?"

खेळ असा :
तुझे पत्ते तुला दिसत नाहीत.
पाठ तुझ्याकडे, तोंड बाकीच्या तिघांकडे.
तिघांनी मोजके शब्द खर्चून
तुला तुझ्याच हातातलं सांगायचं.
आठ सूचना. संपल्या की अंधार.
भुवई उचलायची नाही.
खाकरायचं नाही.
"बघ बरं का" म्हणायचं नाही.
टेबलावर भडंग आणायचं नाही.
(शेवटचा सोडून बाकी नियम सगळे पाळतात.)

तिसऱ्या फेरीचे पत्ते वाटून झाले
आणि शेजारच्या टेबलावरून
मिरजेच्या अन्विता मगदूमचा हात वर.
"सर, त्या पत्त्याच्या पाठीवर अंगठा आहे."

होता. पिवळाजर्द.
शाकीर मुजावर मार्केट यार्डात हळद पॉलिश करतात.
पहिल्या फेरीत जी निळी पंजी
घामेजल्या हाताने जपून धरली होती,
तीच फिरून त्यांच्याकडे आली होती.
त्यांनी वाद घातला नाही.
"बघत नव्हतो साहेब," म्हणाले,
"पण दिसतंय."

माझ्या नोकरीत अंगठा म्हणजे सही.
इथे तो पुरावा,
आणि माणूस खरा बोलत होता.

एकच गठ्ठा शिल्लक. तोही त्याच क्रमात लावायला हवा.
लावणारा एक, तपासणारा दुसरा, ही माझी जुनी खोड,
म्हणून मी मुदपाकखान्यात गेलो.
मी कागद वाचत गेलो : लाल तिर्री, पांढरी दुर्री.
शेवंतामावशी पिठाचे हात पुसून एकेक पत्ता ठेवत गेल्या.
"हे चौघं एकमेकांना हरवत न्हाईत?"
नाही.
"मग कुनाला?"
हेच पत्ते मिळालेल्या दुसऱ्या चौघांना.
"त्यांच्याकडं न बघता?"
न बघता.
मावशींनी हिरवी सत्ती ठेवली, जरा थांबल्या.
"म्हंजे जावाजावांचं.
एका पोत्यातलं पीठ, भाकरी जिची तिची."

सतरा मिनिटं गेली.
परत आलो तर बेसिनपाशी
तक्रार करणारी अन्विताच
शाकीरभाईंच्या बोटांवर लिंबू पिळत उभी.
रंग निघाला नाही.
शेवटी वाढप्यांचे प्लास्टिकचे हातमोजे घालून
ते खेळायला बसले.
आठवी सूचना संपल्यावर
एक पत्ता बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले.
मोज्यातून काय कळणार?
टाकला. चुकला.
त्यांची मुलगी नाझनीन समोरच बसली होती.
पत्ता तिला पहिल्यापासून दिसत होता,
आणि तिची भुवई हलली नाही.

त्यांचा संघ चौथा आला.
मिरज दुसरी.

रात्री खुर्च्या मोजून दिल्या, पंख्यांचे पैसे वेगळे भरले,
आणि सवयीने साहित्याच्या वहीत नोंद केली :
एक गठ्ठा बाद.
कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं.
मग लिहिलं : हळद लागली.
कार्यालयाच्या मॅनेजरने खांद्यावरून वाचलं
आणि विचारलं,
"कुणाला?"