पाऊण इंच

घराला चाकं होती. अजून आहेत,
स्कर्टिंगच्या मागे, टायर नसलेली.
त्यांच्याजवळून मी पोटावर सरपटत जातो
दातांत टॉर्च धरून, ओझार्कच्या दगडाळ चिखलात.
वर व्हर्ना कॉफेल्टची पावलं:
ओटा, बाथरूमचं दार, परत ओटा.

बाहेरच्या नळाला मीटर लावला
तेव्हा काटा साठावर होता.
"मग दाब कमी कसा?"
दाब कमी नाही, म्हटलं.
नळ बंद असला की सगळंच भक्कम दिसतं.
उघडलात की कळतं वाट किती अरुंद ते.

अलाबामातल्या कुठल्याशा कारखान्यात
कुणीतरी एका दुपारी
अर्ध्या इंचाची करडी नळी
घराच्या या टोकापासून त्या टोकाला ओढली. सत्तर फूट.
वळणावळणाला आतून बसवलेला सांधा,
त्याचं भोक पेन्सिलीएवढं.
मग भोंगा झाला असेल, आणि तो डबा खायला गेला असेल.

"लाइल आंघोळीला गेला
की मी नळाला हात लावत नसे.
साबणाची ताटं धरून उभी. एकतीस वर्षं.
विसरलेच तर भिंतीवर दोन थापा.
भिंत ती केवढी, पुठ्ठ्याहून जरा बरी.
आणि मी गेले की तो बाहेर
ट्रकला टेकून सिगारेट ओढायचा.
आत असलो तर काहीतरी धुवावंसं वाटतं, म्हणायचा."

पोटाचं काळं कापड फाडलं.
ओली काचलोकर, उंदराचं जुनं घरटं,
एक चमचा, देव जाणे कुठून आलेला.
करडी नळी कापली, पाऊण इंचाची निळी घातली,
फाटे तेवढे अर्ध्याचे ठेवले.
दुपार गेली.

खालूनच ओरडलो: दोन्ही सोडा!
आधी ओटा, मग शॉवर.
डोक्यावर पाणी दोन ठिकाणी वाजायला लागलं,
एकानं दुसऱ्याचं काही घेतलं नाही.

आणि ओट्याचा नळ बंद झाला.

बंद कशाला केलात? धार तुटायची नाही आता!
"माहीत आहे," फरशीतून आवाज आला.
"जरा थांब."

थांबलो.
कॉलरमध्ये चिखल, तोंड वर,
तळव्यात नळी बारीक थरथरत होती.
नुसता शॉवर चालू होता,
कुणी आत असावं तसा.
तिची पावलं हलली नाहीत.

तेवढा वेळ मी बिलात धरला नाही.