चार बोटं काच

पहाटे चारला निघायचं,
ऊन उठायच्या आत.
मे महिन्यात इथला पत्रा
नऊ वाजताच तवा होतो.

मागची सीट आडवी केलेली,
तिच्यावर मोरांची चादर,
कारखाना बंद पडला त्या महिन्यात
पगाराऐवजी मिळालेली.
मोरांवर कुत्री: सुंठी, भगोणं
आणि थोरला मल्लप्पा. त्याला गाडी लागते,
म्हणून रात्रीपासून उपाशी.
बघतो असा, की त्याच्या वाटची भाकरी
मीच खाल्ली.

पट्टे अडकवले. ओढून पाहिले.
परत ओढून पाहिले.
अंबव्वा दारातून म्हणते,
'लेकीकडं चाललाय का तुरुंगात?'
मी काच चार बोटं खाली घेतो.
चारच. वारा येईल, नाक जाईल,
डोकं नाही.

बाळे मागं पडलं.
सुंठी समोरच्या दिव्यांवर भुंकून दमली.
मल्लप्पा थरथरतोय, आणि भगोणं
त्याच्या पाठीवर हनुवटी टाकून
घोरतंय खुशाल.

मोहोळला थांबलो.
आधी दोऱ्या हातात, मग दार.
पोरगं चहा देताना आत डोकावतं:
'कुत्री तीन, पट्टे चार कसे काय, काका?'

चहा गरम आहे, म्हणतो मी.

निघताना काचेवर बोटं ठेवून बघतो.
चार.