हातमोज्याखाली

गेल्या वर्षीची राखी गेटवरच काढून ठेवली त्याने.
मणी, जर, मधोमध पत्र्याचं फूल;
रिफायनरीचं यंत्र ओरडतं असल्या गोष्टींवर.
"खिशात होती गं दिवसभर," म्हणाला हेरंब,
आणि मी विषय बदलला.

यंदा नुसता दोरा.
फहाहीलच्या शमीम मास्टरांकडून उरलेली रिळं आणली,
अबायांच्या काठाची, काळीच सगळी.
तळाशी एक तांबडं निघालं.
म्हणाले, ते असंच ने.

धोटा बोटांतून आत, बाहेर.
एक गाठ सुलटी, एक उलटी, तेव्हा कुठे एक टाका.
वेंगुर्ल्याला डिमेलोबाई शिकवायच्या,
चुकलं की उसवू द्यायच्या नाहीत, कात्री पुढे करायच्या:
लेसची गाठ सुटत नसते, पोरींनो,
घालण्याआधी काय तो विचार करा.

चार कड्या कापल्या. पाचवी बसली.
बाहेर पन्नास अंश. एसीचं पाणी बादलीत
टपटपतंय, तेवढाच आवाज.
मनगटाचं माप कुठंय माझ्याकडे?
माझ्या चिमटीत मावायचं, ते शेवटचं.
फोन केला.
सुतळी शोधून मोजलंनसुद्धा त्याने.
"साडेसतरा. का गं?"
"उगाच."

पौर्णिमेला त्याची रात्रपाळी.
बसथांब्यावर बांधली, साडेपाचला.
निरांजन वाऱ्याने लागेना, पेढा घामेजलेला.
त्याने वरून हातमोजा चढवला,
मूठ वळली, उघडली.
"टोचत नाही."

सव्वासहाला मेसेज:
गेट गप्प बसलं.

तांबडं रीळ अजून निम्मं आहे.