तपासणी विभाग

प्रेसमधून रिटायर झाले त्याला आता तीन वर्षं.
जेल रोडच्या गच्चीवर रंगाचे अकरा रिकामे डबे,
अकरा डब्यांत अकरा ढोबळी मिरच्या.
एकोणतीस वर्षं मी कागद उजेडात धरला:
शाई कुठे सांडली, आकडा कुठे सरकला.
खोट दिसली की लाल खूण, की पुढचा कागद.
डोळ्यांना अजून दुसरं काही जमत नाही.

सकाळी थंडीत शाल गुंडाळून पान उलटते.
खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका,
वर भुरकट लव,
जुन्या स्वेटरच्या कोपरासारखी.
अख्खं पान खुडते.
एक दिवस उशीर झाला
तर पानाची नुसती जाळी उरते
आणि जाळीवर शाळा सुटलेली असते अळ्यांची.

नर्सरीवाला खैरनार म्हणाला होता,
"मॅडम, एक पुडी देतो, चार दिवसांत सगळं साफ."
साफ हा शब्द मला आवडतो.
पण खालच्या मजल्यावरची ओवी
मिरची न धुताच चावते, पेरूसारखी.

मग सिसिलिया साळवेला फोन केला.
शेजारच्या टेबलावर बसायची;
माझ्या नजरेतून निसटलेलं तिला सापडायचं,
आणि ती ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची.
दसकच्या कडुनिंबाखालच्या निंबोळ्या
जूनमध्येच वाळवून ठेवल्या होत्या तिने. पिशवीभर दिल्या.
"कुट. फडक्यात बांध. रात्रभर भिजव, सकाळी पीळ,
साबणाचे चार थेंब. ऊन उतरल्यावरच फवार,
आणि पानाच्या पाठीला गं, तोंडाला काय फवारतेस!
काठ्या पण रोव. आडव्या. पाखरांना बसायला."

दोन दिवस चहासुद्धा कडू लागला.

काठीवर आधी कुणी आलंच नाही.
मग कावळा आला, एक डबा पाडून गेला.
मग दयाळ, शेपूट वर,
दौऱ्यावर आलेल्या साहेबासारखा;
एक अळी उचलली, कठड्यावर दोनदा आपटली, गिळली,
सही न करता गेला.

उरलेल्या मी चिमट्याने वेचते, साबणाच्या पाण्यात टाकते.
मोजते, सवयच ती: मंगळवारी सतरा, बुधवारी नऊ.
पाण्यात पडताना त्या वळतात,
स्वल्पविराम होतात.
मला काही वाटत नाही असं नाही.
वाटतं, आणि हात चालू राहतो.

शनिवारी, सातव्या डब्यात,
एक अळी हलेचना.
पाठीवर तांदळाच्या कण्या चिकटल्यासारखं काही,
पांढरं, रेशमी.
खोट, हात म्हणाला, आणि चिमटा पुढे गेला.
पण पान आधी उजेडात धरलं, नेहमीसारखं.
कण्यांना झाकणं होती.
दोन झाकणं उघडी.
तिसऱ्यातून कुणीतरी बाहेर येत होतं,
मुंगीहून बारीक, पंख अजून चिकटलेले,
गांधीलमाशीच्या कुठल्या लांबच्या नात्यातलं.
अळीच्या पोटात वाढलेलं,
आता दुसऱ्या अळीच्या शोधात निघालेलं.
अर्ज नाही, मुलाखत नाही,
माझ्याच खात्यात रुजू.

चिमटा कठड्यावर ठेवला.
खोटीचा कागद मी पहिल्यांदाच
पुढे जाऊ दिला.

सिसिलिया म्हणाली,
"मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं."
असेल.

आज पहिली मिरची उतरवली.
देठाशी भोक, आत थोडी काळी घाण.
तेवढी चकती कापून कुंडीच्या मातीला दिली,
बाकीची पीठ पेरून करायला घेतली.
ओवी येऊन ओट्याशी उभी,
मातीतून ती चकती उचलून आणलेली,
भोकात करंगळी घातलेली.
"इथे कोण राहायचं?"
"होता एक भाडेकरू."
"मग गेला कुठे?"

खिडकीबाहेर काठी रिकामी, अजून हलत होती.
मी उत्तर शोधत राहिले
आणि इकडे बेसन करपलं.